स्विचला शब्द दिला की थेट ‘यादीत नाही’ का येतं? (जावा, नवशिकी)

डबेवाली_मिरज

नमस्कार. मी मिरजेत डबे देते, सकाळी २६ आणि संध्याकाळी ३१. बरेचसे डबे दवाखान्यात पेशंटपाशी थांबलेल्या नातेवाइकांचे असतात, बाकीचे शिकायला आलेल्या मुलांचे. जूनपासून रात्री भांडी आवरली की तासभर जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकते. वहीतला हिशेब रोज दोनदा मांडावा लागतो, तो एकदाच मांडायचा एवढंच मनात आहे.

स्विच, म्हणजे दिलेल्या गोष्टीशी जुळणाऱ्या केसपासून काम सुरू करणारी रचना, आकडे टाकून चालवली तेव्हा सगळं नीट झालं. १ म्हणजे पोळी, २ भाकरी, ३ भात. पण १ म्हणजे काय हे माझ्या सासूबाई लक्षात ठेवणार नाहीत, आणि त्यांनी का ठेवावं? त्यांनी ‘पोळी’ असं लिहावं आणि बिल यावं, असं मला हवं आहे. सध्या शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करते. इथे वाचायला सोपं जावं म्हणून कोड देवनागरीत लिहिला आहे.

किती = वाचक.नेक्स्टइंट();
पदार्थ = वाचक.नेक्स्टलाइन();
स्विच (पदार्थ) {
  केस "पोळी": दर = दर + १०;
  केस "भाकरी": दर = दर + १५;
  केस "भात": दर = दर + ३०;
  डिफॉल्ट: छापा "यादीत नाही";
}
बिल = दर × किती

होतं असं की ४ लिहून एंटर दाबलं की पदार्थ लिहायला थांबतच नाही. लगेच ‘यादीत नाही’ आणि बिल ०.

मग मी क्रम बदलला. आधी पदार्थ विचारला, नंतर किती. आता थांबतं. पण ४ पोळ्यांचं बिल २२० रुपये येतं, शिवाय ‘यादीत नाही’ हेही छापतं. २ भाताचं मात्र ६०च येतं, म्हणजे बरोबर, तरी वर ‘यादीत नाही’ आहेच. एक पदार्थ बरोबर आणि दुसरा चूक, हे कसं? दोन रात्री यातच गेल्या.

माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगला होता. तो म्हणतो स्विचमध्ये स्ट्रिंग (म्हणजे शब्द) चालतच नाही, इंट (पूर्णांक) किंवा कॅर (एक अक्षर) हवा. त्याच्या गाइडमध्येही तसंच छापलेलं आहे. पण मग माझा प्रोग्राम कंपाइल कसा झाला, म्हणजे संगणकाने तो न अडवता कसा स्वीकारला?

निखळ_कोडर

भाऊ बरोबर सांगतोय. स्विच सोडा. इफ आणि एल्स-इफ लावा, प्रत्येक ठिकाणी इक्वल्स वापरून शब्द तपासा. दोन बरोबरच्या चिन्हांनी स्ट्रिंग तपासू नका, ती फसवते. नाहीतर आकड्यांचा मेनू ठेवा, सगळ्यांत सुरक्षित.

प्रॅक्टिकलचे_सर

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण काय टाइप केलं, काय आलं आणि काय यायला हवं होतं, हे तिन्ही तुम्ही लिहिलंत. मी तंत्रनिकेतनात १९ वर्षं आधी सी आणि मग जावा शिकवली. ‘सर, चालत नाही’ याच्या पुढे वाक्य न्यायला मुलांना दोन सेमिस्टर लागायची.

आधी मावसभावाचं. त्याचं गाइड खोटं नाही, जुनं आहे. सी आणि सी प्लस प्लसमध्ये स्विचला पूर्णांकच लागतो. कॅर चालतो तो आतून आकडाच असतो म्हणून. जावातही बरीच वर्षं तसंच होतं. जुलै २०११ मध्ये जावा ७ आली आणि तेव्हापासून केसमध्ये स्ट्रिंग लिहिता येते. सी शार्पमध्ये ती सोय आधीपासून आहे. म्हणून तुमचा प्रोग्राम कंपाइल झाला, आणि होणारच. इफ-एल्सनेही काम होईल, पण वर सांगितल्याप्रमाणे स्विच टाकून दिलात तर तुमच्या तीन चुकांपैकी दोन जशाच्या तशा राहतील, कारण त्या स्विचच्या नाहीतच.

पहिली चूक एंटरची. तुम्ही ४ लिहून एंटर दाबता तेव्हा प्रोग्रामकडे दोन गोष्टी जातात, एक ४ आणि दुसरी ती एंटर. नेक्स्टइंट फक्त ४ उचलतो आणि एंटर तिथेच राहू देतो. मग नेक्स्टलाइन येतो. त्याचं काम ‘एंटर लागेपर्यंतचं सगळं दे’ एवढंच. त्याला पहिल्याच पावलाला शिळी एंटर सापडते, तो रिकामी ओळ उचलतो आणि खूश होऊन परत जातो. तुमच्या पदार्थात रिकामा शब्द पडतो आणि रिकामा शब्द यादीत नाही. प्रोग्रामने अगदी खरं तेच सांगितलं.

यावर उपाय म्हणून बरेच जण एक फालतू नेक्स्टलाइन मध्ये घालतात. मला ते आवडत नाही. दोन महिन्यांनी ती ओळ कशासाठी आहे हे कुणाला आठवत नाही, कुणीतरी ती काढून टाकतो आणि पुन्हा दोन रात्री जातात. प्रत्येक वेळी अख्खी ओळच घ्या, आकडा हवा असेल तेव्हाही, आणि मग इंटिजरच्या पार्सइंटने त्या ओळीचा आकडा करा. वाचायची एकच रीत ठेवली की उरलंसुरलं काही मागे राहत नाही. नेक्स्टलाइनऐवजी नुसता नेक्स्ट वापरा असंही कुणी सांगेल. त्यात ‘मसाले भात’चा ‘मसाले’ एका वेळी आणि ‘भात’ पुढच्या वेळी येईल, आणि तुम्ही न मागता साधा भात बिलात चढेल.

दुसरी चूक २२० ची. १० आणि १५ आणि ३० मिळून ५५, चोक २२०. केस म्हणजे खोली नाही, दोन केसच्या मध्ये भिंत नसते. केस म्हणजे जिन्याची पायरी: कुठल्या पायरीवर उतरायचं ते शब्द ठरवतो, तिथून खाली प्रोग्राम घरंगळत जातो, ‘ब्रेक’ ही थांबायची आज्ञा लागेपर्यंत. तुम्ही ब्रेक कुठेच लिहिला नाही. पोळीवर उतरलात, तिथून भाकरी, भात, डिफॉल्ट असं सगळं झालं. भात सगळ्यांत खालची पायरी, म्हणून त्याचे पैसे बरोबर आले आणि फक्त डिफॉल्टचं वाक्य जादा छापलं गेलं. भाकरी टाकून बघा, ४५ येतील.

ब्रेकची चूक फक्त शिकणाऱ्यांची असते असं समजू नका. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं टेलिफोनचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं होतं. मुळाशी सी भाषेतला एक स्विच होता आणि त्याच्या आतल्या इफमध्ये चुकीच्या जागी पडलेला ब्रेक. तिथे ब्रेक राहून गेला नव्हता, नको तिथे होता. मी हे प्रत्येक तुकडीला सांगत असे, ब्रेक शिकवायच्या आधी.

तिसरी चूक अजून तुम्हाला दिसलेली नाही, पण सासूबाई बसल्या की पहिल्या दहा मिनिटांत दिसेल. कुणी पहिलं अक्षर मोठं लिहील, कुणी शब्दानंतर स्पेस देईल. स्विचला यातलं काहीच माफ नाही. त्याला हुबेहूब तोच शब्द लागतो. इथे बहुतेक मुलं काय करतात? प्रत्येक चुकीच्या रूपासाठी एक नवीन केस लिहितात. मी एका मुलाच्या प्रोजेक्टमध्ये ‘हो’साठी ११ केस मोजल्या आहेत, आणि परीक्षकांनी बारावं रूप टाइप केलं.

ताई, तुम्ही मेथीची जुडी आणली की आधी निवडता, धुता आणि मगच चिरता. फोडणीत पडल्यावर माती काढत बसत नाही. शब्दाचंही तसंच करा. स्विचच्या आधी एकच ओळ लिहा: पदार्थाला ट्रिम लावा म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा जातील, आणि टूलोअरकेस लावा म्हणजे सगळी अक्षरं लहान होतील. केसमधले शब्द फक्त लहान अक्षरांत. निवडायचं काम एकाच ठिकाणी झालं की स्विच स्वच्छ राहतो.

आणि कुणी ‘चपाती’ लिहिलं तर? तिथे तीच घरंगळ कामाला येते. केस "पोळी" आणि केस "चपाती" एकाखाली एक लिहा, मध्ये काही नको, आणि दोन्हींच्या मिळून एकच दर व एकच ब्रेक.

तुमच्याकडे जावाची कोणती आवृत्ती आहे ते बघून सांगा. मार्च २०२० च्या जावा १४ पासून केसपुढे दोन ठिपक्यांच्या चिन्हाऐवजी (:) बाण (->) लिहिता येतो. बाण असला की घरंगळ होतच नाही, ब्रेकही लागत नाही. पण आधी आठ दिवस ब्रेक लिहूनच करा. पुढे कुणाचा जुना कोड हाती आला तर वाचता आला पाहिजे.

दूरदेशी_दादर

सरांच्या उत्तराला जोड. जावा स्ट्रिंगचा स्विच आतून कसा जुळवते हे एकदा पाहिलं की ‘हुबेहूब’ म्हणजे काय ते नीट कळतं. कंपायलर शब्दाचा हॅशकोड काढतो, म्हणजे अक्षरांपासून बनवलेला एक आकडा, आणि त्या आकड्यावर उडी मारतो. पण दोन वेगळ्या शब्दांचा आकडा एकच येऊ शकतो. रोमन लिपीत मोठा ए आणि लहान ए अशी जोडी घ्या, किंवा मोठा बी दोनदा घ्या, दोन्हींचा हॅशकोड २११२. म्हणून उडी मारल्यावर पुन्हा इक्वल्सने पूर्ण शब्द तपासला जातो. तुमच्या मावसभावाला सांगा, आत अजूनही पूर्णांकाचाच स्विच आहे. तो पूर्ण चुकलेला नाही.

पण मला खरं तर वेगळं सांगायचंय. पदार्थांचे दर स्विचमध्ये लिहूच नका. दर ही माहिती आहे. उद्या भाजी महागली आणि पोळीचे १२ केले, तर तुम्ही प्रोग्राम उघडून केसच्या आत हात घालणार का? हॅशमॅप घ्या. डावीकडे पदार्थ, उजवीकडे दर. शब्द आला की गेट करा, म्हणजे त्याच्यासमोरचा दर काढा. ब्रेक विसरायचा प्रश्नच उरत नाही.

प्रॅक्टिकलचे_सर

दादरकर, दरांबाबत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी ते पुढच्या पायरीसाठी राखून ठेवलं होतं, कारण घरंगळ न समजता मॅपकडे गेलेली मुलं पुढे स्विच दिसला की घाबरतात. पण ताईंनी २२० चं कोडं सोडवलं की मॅपकडे जायला हरकत नाही.

स्विच तेव्हाही लागेल, फक्त त्याची जागा बदलेल. पदार्थाऐवजी माणूस जेव्हा हुकूम लिहितो, ‘बिल’, ‘रद्द’, ‘पुरे’, तेव्हा प्रत्येक शब्दासाठी वेगळं काम करायचं असतं. ते स्विचचं घर. पोळीला १० आणि भाकरीला १५ यात काम एकच आहे, आकडा वेगळा आहे.

सुट्टीत_शिकतोय

मी अकरावीत आहे. मला हेच जावास्क्रिप्टमध्ये झालं. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विचारायच्या चौकटीत, १ लिहिलं आणि केस १ होती, तरी डिफॉल्टला गेलं. असं का?

दूरदेशी_दादर

प्रॉम्प्ट नेहमी स्ट्रिंगच देतो. तू १ लिहिलास तरी त्याच्याकडून अवतरणातला "१" येतो. जावास्क्रिप्टचा स्विच तीन बरोबरच्या चिन्हांसारखा कडक तपासतो, प्रकारही बघतो. म्हणून आकडा १ आणि शब्द "१" जुळत नाहीत. एक तर नंबर करून घे किंवा केस "१" अवतरणात लिही.

डबेवाली_मिरज

सर, दादा, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहिते आहे, मध्ये एका घरचं लग्नाचं जेवण होतं.

भाकरी टाकून पाहिली, ४५ आले! तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. पैसे चुकीचे होते पण ते का चुकले हे मला आधीच माहीत होतं. मग ब्रेक लिहिले, सगळं बरोबर झालं. माझी जावा ८ आहे, बाण चालत नाही. मेथीची ओळ घातली. दर हॅशमॅपमध्ये नेले आणि स्विचमध्ये आता ‘बिल’, ‘रद्द’ आणि ‘पुरे’ आहेत.

मग मी पुढे गेले. सासूबाईंना इंग्रजी अक्षरं जमत नाहीत, त्यांनी मराठीतच लिहायचं असं ठरवलं. काळ्या खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, म्हणून विचारायची चौकट वापरली, ती इनपुट डायलॉगवाली. त्यात मराठी छान दिसतं. पोळी, भाकरी, भात, आमटी सगळं चाललं. पुऱ्या मात्र चालत नाहीत. सासूबाई ‘पुऱ्या’ लिहितात आणि प्रोग्राम म्हणतो यादीत नाही. मी यादीतला शब्द आणि त्यांनी लिहिलेला शब्द एकाखाली एक छापून बघितला. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. यादीतला शब्द मी मोबाइलवर लिहून स्वतःला पाठवला होता आणि तिथून चिकटवला होता. त्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर लिहितात.

दुसरं, त्यांनी चुकून ‘कॅन्सल’ दाबलं तर लाल अक्षरांत मोठी चूक येऊन प्रोग्राम बंद पडतो.

प्रॅक्टिकलचे_सर

कॅन्सलचं मी सांगतो. चौकट तेव्हा रिकामा शब्दसुद्धा देत नाही, नल देते, म्हणजे काहीच नाही. नलवर ट्रिम लावलं की नलपॉइंटर एक्सेप्शन. स्विचला थेट नल दिला असता तरी तेच झालं असतं, डिफॉल्ट त्याला वाचवत नाही. म्हणून मेथी निवडायच्या आधी पिशवीत मेथी आहे का ते बघा: पदार्थ नल असेल तर ‘पुरे’ समजून बाहेर पडा.

पुऱ्यांचं उत्तर मात्र माझ्यापेक्षा चांगलं कुणाला तरी देता येईल. आमच्या वेळी सगळं रोमन होतं.

अक्षरजुळारी

मी मराठी पुस्तकांच्या फाइली दुरुस्त करतो. हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला तो मोळीसारखा दिसणारा अर्धा र, जो ‘पुऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘कैऱ्या’ यांत येतो, तो संगणकात तीन प्रकारे साठवता येतो आणि तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. एक प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) त्याचा क्रमांक २३५३. दुसरा म्हणजे साधा र (२३५२) आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे ठिपका (२३६४), अशी जोडी. तिसरा जुन्या वळणाचा, म्हणजे साधा र, मग हलन्त (२३८१), आणि मग एक न दिसणारा जोडकाम करणारा, क्रमांक ८२०५. तुमच्या हॅशमॅपला यातलं रूप दिसत नाही, आकडेच दिसतात. आकडे वेगळे तर शब्द वेगळा.

आधी खात्री करा. दोन्ही शब्दांची लेंग्थ छापा. पहिल्या प्रकारात ‘पुऱ्या’ची लांबी ६ येते: प, उकार, ऱ, हलन्त, य, काना. बाकी दोन्हींत ७. मग एकेक कॅर इंटमध्ये बदलून छापा. २३६४ दिसला तर दुसरा प्रकार, ८२०५ दिसला तर तिसरा.

दुसरा प्रकार जावाच स्वतः दुरुस्त करते. जावा ६ पासून नॉर्मलायझर नावाचा क्लास आहे, त्याला एनएफसी, म्हणजे सुटे तुकडे जोडून एक अक्षर करायची पद्धत, सांगा. र आणि नुक्त्याची जोडी तो एका ऱ मध्ये आणतो. तिसऱ्याला तो हात लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ती दोन रूपं समान धरलेली नाहीत. तिथे तुम्हालाच रिप्लेस लिहावं लागेल: साधा र, हलन्त आणि ८२०५ दिसले की त्या जागी ऱ आणि हलन्त.

आणि एक. यादीत कधी ‘अॅ’ असलेला शब्द आला तर तोही बघा. ॲ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधीचे लोक अ वर अर्धचंद्र देऊन लिहीत आणि बरेच कीबोर्ड आजही तेच देतात. तीही दोन रूपं नॉर्मलायझरला वेगळीच वाटतात.

मोठ्या-लहान अक्षरांची कटकट मात्र देवनागरीला नाही. टूलोअरकेस काढलात तरी चालेल, ठेवलात तरी त्रास नाही.

कृपा करून सासूबाईंना ‘तुम्ही चुकीचं टाइप करता’ असं सांगू नका. त्यांनी लिहिलेलं मराठी बरोबरच आहे.

डबेवाली_मिरज

नाही सांगितलं दादा. उलट तुमचं उत्तर वाचूनच दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘बघ, मी बरोबरच लिहीत होते.’

यादीतला शब्द ६, त्यांचा ७. आकडे छापले: २३४६, २३६९, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६. तुमचा तिसरा प्रकार. निवडायचं सगळं काम मी आता एका वेगळ्या मेथडमध्ये ठेवलं आहे, तिचं नाव ‘निवड’. आधी नल आहे का बघते, मग ट्रिम, मग नॉर्मलायझर, मग तो रिप्लेस. आणि एक गोष्ट स्वतःहून केली: यादीत पदार्थ घालताना त्याचं नावही याच मेथडमधून जातं. म्हणजे मी मोबाइलवरून चिकटवलं काय आणि त्यांनी कीबोर्डवर लिहिलं काय, दोन्ही एकाच चाळणीतून येतात. सर, हे बरोबर केलं ना?

प्रॅक्टिकलचे_सर

अगदी बरोबर. दोन्ही बाजूंनी निवडायचं हे मी सांगायला विसरलो होतो आणि तुम्ही ते न सांगता केलंत.

डबेवाली_मिरज

धन्यवाद सर. काल संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा एकटीने बसून ३१ डब्यांचं बिल केलं. मध्ये एकदा कॅन्सल दाबलं गेलं, प्रोग्राम शहाण्यासारखा बंद झाला, त्यांनी पुन्हा उघडला. परवा एकादशी आहे, साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ घालायचे आहेत. वऱ्याच्या तांदळात तोच ऱ आहे. आत्ताच टाइप करून पाहिलं, लगेच सापडला.